आढ्याला टांगलेलं इंग्रजी

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती आणि आमचा चांदा जिल्हा अजून नागपूरच्या राज्यात होता, त्या काळात वैनगंगेच्या अलीकडे जेवढं म्हणून इंग्रजी होतं, त्यातलं निम्मं तरी आमच्या गावातल्या एका घराच्या आढ्याला टांगलेलं होतं. उरलेलं निम्मं साहेबलोक, वकील आणि क्विनाइनच्या बाटल्या यांनी आपसात वाटून घेतलं होतं. कुणाला शंका असली तर मी त्याला सरळ त्या घराच्या ओसरीत नेऊन उताणं निजायला सांगत असे. वर पाहिलं की बांबूच्या वाशांना दोऱ्यांनी बांधलेले टेंभराच्या पानांचे पुडे लोंबताना दिसायचे. याच पानांच्या बिड्या वळतात, पण या पुड्यांतल्या प्रत्येक पानावर बाभळीच्या काट्याने एकेक इंग्रजी शब्द कोरलेला असे. पहिल्या वाशापासून 'ए' सुरू व्हायचा आणि गोठ्याच्या दाराशी 'झेड' संपायचा. 'एक्स'ची नुसतीच दोरी लोंबत होती, तिला पान म्हणून लागलेलं नव्हतं. या सगळ्या संपत्तीचा मालक त्या घरात राहत होता आणि त्या घरात त्याच्या मालकीचं दुसरं काहीही नव्हतं.

कारण तो त्या घरचा घरजावई होता. घर सासऱ्याचं, धानाच्या बांध्या म्हणजे शेतं सासऱ्याची, बैलजोडी सासऱ्याची, विळ्याची मूठसुद्धा सासऱ्याच्या हाताने घासून गुळगुळीत झालेली. म्हाताऱ्याला मुलगा नव्हता, एकच मुलगी. गावची लेक म्हणून मी तिला ताई म्हणत असे. तिच्यासाठी चिमूरकडून हा जावई आणला, तो गावात आला आणि त्या दिवसापासून सगळ्या गावाचा जवाईबापू झाला. म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून शेंबड्या पोरांपर्यंत सगळे त्यांना जवाईबापू म्हणत. त्यांना आईबापांनी ठेवलेलं एखादं नाव असणार, पण ते माझ्या कानावर कधी आलं नाही. आमच्याकडे जावयाचा मान फार मोठा. पंगतीत पहिला पाट त्याचा, पहिली वाढ त्याची. मात्र गावाच्या बैठकीत त्याने तोंड उघडायचं नाही, कारण तो कितीही वर्षं राहिला तरी पाहुणाच, आणि पाहुण्याला घरातलं कुणी विचारत नाही. त्यामुळे बैठक बसली की जवाईबापू सगळ्यांच्या मागे, जिथे लोक वहाणा काढून ठेवत तिथे, भिंतीला टेकून बसत आणि बैठक उठली की सगळ्यांच्या आधी उठून आपल्या वहाणा घालत.

ते मॅट्रिकला बसले होते आणि इंग्रजीत नापास झाले होते. दुसरा कुणी असता तर त्याने इंग्रजीचं नाव टाकलं असतं. जवाईबापूंनी त्याचा पिच्छा पुरवला. मी गावच्या शाळेचा मास्तर, मराठी सातवी पास, इंग्रजीशी माझा संबंध पगारपत्रकावरच्या सहीपुरता. एका शाळेच्या गावात मास्तरपेक्षा जास्त शिकलेला माणूस असणं हे मास्तरला फारसं रुचत नसतं, आणि मलाही सुरुवातीला रुचलं नाही. मी त्यांना एकदा खोचकपणे म्हणालो, "जवाईबापू, एवढा खटाटोप करण्यापेक्षा एक डिक्शनरी का घेत नाही? सगळे शब्द एका ठिकाणी मिळतील." त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ढ विद्यार्थी आहे. "डिक्शनरीतले शब्द म्हंजे बाजारातले मासे, मास्तर," ते म्हणाले. "मेलेले असतात. मी तळ्यात उतरून धरतो."

ते तळं म्हणजे आमचा मुलूख. उन्हाळ्यात टेंभराच्या पानांचा हंगाम आला की जवाईबापू ठेकेदाराच्या फडावर, म्हणजे पानं मोजून घेतात तिथे, मुन्शी म्हणून जात, तिथे आलेल्या कागदांतून त्यांना चार शब्द सापडत. जंगलातल्या डाकबंगल्यावर टांगलेली सूचना, औषधाच्या बाटलीचं लेबल, साबणाचा खोका, पुड्या बांधून आलेलं जुनं वर्तमानपत्र, जीपमधून उतरलेल्या साहेबाने ड्रायव्हरला घातलेली शिवी, यांतलं काहीही ते वाया जाऊ देत नसत. शब्द सापडला की त्याचा अर्थ लावायला सावलीच्या एका वकिलाकडे जायचं. सावली आमच्यापासून तीन कोस. एकदा आषाढात क्विनाइनच्या बाटलीवर त्यांना 'इंटरमिटंट' हा शब्द सापडला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे हा माणूस गुडघाभर चिखल तुडवत सावलीला निघाला. वकिलाने सांगितलं, थांबून थांबून येणारा. जवाईबापू परतले तेव्हा नखशिखांत भिजले होते आणि अत्यंत प्रसन्न होते. ओसरीवर पाणी निथळत उभे राहून मला म्हणाले, "मास्तर, येतानी पाऊसबी तसाच पडून राह्यला होता. कोस दोन कोस पडे, मंग थांबे, मंग पडे. अर्थ वकिलानं सांगितला अन् उदाहरण देवानं देल्लं."

अर्थ कळला म्हणजे शब्द मिळाला, असं मात्र त्यांच्या शास्त्रात नव्हतं. पान तोडून त्यावर शब्द कोरला की ते पान आठ दिवस उन्हात वाळायचं, आणि त्या आठ दिवसांत रोज एकदा तो शब्द योग्य जागी वापरावा लागायचा. उगीच बोलून दाखवलेला चालत नसे, खरा प्रसंग यावा लागे. आठ दिवसांत सगळे वापर झाले तर पान पुड्यात जायचं. एक दिवस जरी चुकला तरी पान चुलीत. ताई हळहळायची, एवढ्या लांबून आणलेला शब्द राहू द्या म्हणायची. जवाईबापू ऐकत नसत. "ज्याले काम नाई, त्याले घरात जागा नाई," ते म्हणायचे आणि पान स्वतःच्या हाताने चुलीत सारायचे. हे वाक्य ते शब्दांबद्दल बोलत, की त्या घरातल्या आणखी कुणाबद्दल, हे विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही.

या नियमाचे परिणाम सगळ्या गावाने भोगले. 'ऑब्स्टिनेट', म्हणजे हट्टी, वाळत होता तेव्हा उजवीकडच्या बैलाला आठ दिवस रोज सकाळी तो शब्द ऐकावा लागला, आणि पुढे त्या बैलाला दुसऱ्या हाकेची ओळखच राहिली नाही. 'इंटरमिटंट'च्या आठवड्यात माझ्या आईला हिवताप होता. तिने वैदूला ठणकावून सांगितलं, "माहा ताप इंटरमिटन हाय, मले त्याचंच औषध पाह्यजे." वैदू घाबरून दुप्पट काढा देऊन गेला. विहिरीवर दोघींचं कडाक्याचं भांडण चाललं असताना एकीने दुसरीला, जवाईबापूंच्या तोंडून ऐकलेलं, 'प्रिपॉस्टरस' म्हटलं. दुसरीला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता, म्हणून तिला त्याहून वाईट काय बोलावं ते सुचेना आणि भांडण तिथेच संपलं. त्यानंतर बायका शेजारणीकडे विरजण मागायला जावं तशा ताईकडे शब्द मागायला येऊ लागल्या. जवाईबापूंनी कुणाला नाही म्हटलं नाही. फक्त शब्द देताना ते त्याचा अर्थ बजावून सांगत आणि चुकीच्या माणसाला म्हणू नका अशी ताकीद देत. एवढं धन इतक्या उघड्या हाताने वाटणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

घरात मात्र त्यांच्या इंग्रजीला कवडीची किंमत नव्हती. त्याला कारणही तसंच घडलं. 'कन्फ्लॅग्रेशन' हा शब्द त्यांना वनखात्याच्या एका पाटीवर सापडला होता. कन्फ्लॅग्रेशन म्हणजे साधीसुधी आग नव्हे, मोठा वणवा. आता रोज एक मोठी आग आणायची कुठून? सात दिवस त्यांनी होळीच्या आठवणी सांगून, दूरच्या डोंगरावरचा धूर दाखवून कसेबसे निभावून नेले. आठव्या दिवशी काहीच मिळेना. दुपारी जेवायच्या वेळी त्यांचा चेहरा इतका उतरला होता की ताईने दुसऱ्यांदा भात वाढायचंही धाडस केलं नाही. आणि तिसऱ्या प्रहरी म्हाताऱ्याच्या खळ्यातल्या तणशीच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगाने पेट घेतला. जवाईबापू घागर घेऊन सगळ्यांच्या पुढे धावले, हात भाजून घेतले, सगळ्यात जास्त पाणी त्यांनीच ओतलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण धावताना ते मोठमोठ्याने 'कन्फ्लॅग्रेशन, कन्फ्लॅग्रेशन' म्हणत होते आणि त्यांच्या तोंडावर लग्नात नव्हता एवढा आनंद होता. काही बायकांना वाटलं हे अग्निदेवाचं चिमूरकडचं नाव असेल, त्यांनी हात जोडले. म्हाताऱ्याने मात्र तो आनंद पाहिला. संध्याकाळी तो मुलीला म्हणाला, "तुया मालकाले इचार, माही तणस जळली त्याचा त्याईले एवढा हरीख काहून झाला म्हून."

जे सांगायचं ते मुलीला सांग, हीच त्या घरची रीत होती. सासरा जावयाशी थेट बोलत नसे. मुलगी मध्ये उभी असायची आणि दोन हात अंतरावर बसलेले हे दोघे तिच्यामार्फत बोलायचे. "तुया मालकाले म्हना, उद्या नांगर वावरात नेजा." "मामाजीले सांग, नेतो म्हना." ताईला दोन्ही बाजूंचं ऐकू येत असे आणि दोन्ही बाजूंनाही एकमेकांचं ऐकू येत असे, तरी ती बिचारी प्रत्येक वाक्य पुन्हा म्हणून दाखवायची. ती माहेरी असल्यामुळे तिला माहेरी जायची सोय नव्हती. कधी ती दोन दिवस मावशीकडे गेली की त्या घरात शुकशुकाट होत असे.

असंच एका श्रावणात नाल्याला पूर आला, वाट बंद झाली, बाजार भरला नाही आणि म्हाताऱ्याच्या बिड्या संपल्या. तंबाखू होता, पान नव्हतं. म्हाताऱ्याची खाट ओसरीत जिथे होती तिथे नेमका वर 'एम'चा पुडा लोंबत होता. म्हाताऱ्याने हात वर केला. पूर उतरेपर्यंत तीन दिवसांत 'एम'पासून सुरू होणारे जवळजवळ सगळे शब्द त्याने एकामागून एक वळून ओढून टाकले. ताईच्या ध्यानात आलं तेव्हा शेवटची दोनचार पानं त्याच्या हातात होती. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "बाबा, तुमी काय करून राह्यले? थे पानं नाईत, थे त्याईचे शब्द होत." म्हाताऱ्याला अक्षरओळख नव्हती. त्याने हातातल्या पानांकडे उलटंसुलटं करून पाहिलं, ती तंबाखूच्या चंचीत कोंबली आणि शेतावर निघून गेला.

मला ही बातमी कळली तेव्हा मी शाळा सोडून पळत गेलो. मला वाटलं, आज या घरात काहीतरी होणार. जवाईबापू 'एम'ची रिकामी दोरी हातात धरून उंबऱ्यावर बसले होते. मला पाहून त्यांनी ती दोरी वर धरली. मग म्हणाले, "मॅग्नॅनिमसबी गेला, मास्तर." मी विचारलं, म्हणजे काय? "मोठ्या मनाचा. लय मुश्किलीनं वाळला होता थो. या घरात प्रसंगच येत नोहोता." पुढच्या काही महिन्यांत त्यांनी 'एम'चे बहुतेक शब्द आठवून आठवून पुन्हा कोरले. मॅग्नॅनिमस तेवढा कोरला नाही. मी कारण विचारलं तर हसून म्हणाले, "थो मामाजीनं घेतला, आता त्याईचा झाला. पोटात गेला हाय, काही फरक पडते का पाहू."

फरक पडायची वेळ लवकरच आली. मालगुजारी गेली तेव्हा मालगुजाराचा तलाव सरकारचा झाला होता. आमच्या गावाचं सगळं धान त्या तलावाखाली. तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, एका ठिकाणी दबली होती, पाणी सोडायचं तुडुम गळत होतं, आणि मालगुजार होता तेव्हा तो दर उन्हाळ्यात माती टाकून घ्यायचा तेही आता बंद झालं होतं. अशात कोतवालाने एक कागद आणला. सबंध इंग्रजीत. बैठकीत म्हाताऱ्याचा शब्द चालायचा म्हणून कागद त्याच्या हाती आला; त्याने तो माझ्याकडे आणला, कारण जावयाला दाखवायचा म्हणजे हार खाल्ल्यासारखं. मी कागद तीनदा फिरवला, उजेडाकडे धरला आणि खालची सही सुवाच्य आहे असं सांगितलं. शेवटी म्हाताऱ्याने तो ताईच्या हातात दिला. "तुया मालकाले दाखव." जवाईबापूंनी कागद एकदाच वाचला आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यात लिहिलं होतं की हा तलाव लहान असून दुरुस्तीच्या यादीतून काढून टाकण्याचा विचार आहे. साहेब स्वतः पाहायला येणार आहेत. कुणाची हरकत असेल त्याने त्या दिवशी समक्ष सांगावी. यादीतून नाव गेलं की पाळ एखाद्या पावसात फुटणार आणि धान जाणार, एवढं समजायला इंग्रजीची गरज नव्हती.

कागद वाचला त्याच संध्याकाळी बैठक बसली. साहेब मद्रासकडचे आहेत, मराठी समजत नाही, हिंदी जेमतेम, हे कोतवालाने सांगितलं होतं. सगळ्यांच्या मनात एकच नाव होतं आणि ते नाव मागे वहाणांजवळ बसलं होतं, पण घ्यायचं कुणी? एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "जवाई म्हंजे देव. देवाले पाटावर बसवा, काम नोका सांगू." दुसरा म्हणाला, "उद्या बाहेरगावचे लोक म्हनतीन, या गावाले बोलाले मानूस नोहोता, जवाई उभा केला." वाद बराच वेळ चालला. शेवटी असा तोडगा निघाला की बोलायचं म्हाताऱ्यानेच. जवाईबापूंनी त्याचं फक्त इंग्रजी करायचं. आपल्या मनचा एकही शब्द घालायचा नाही, ना गावाच्या बाजूने ना स्वतःच्या. तोंड त्यांचं, बोलणं गावाचं. अट अपमानाचीच होती. जवाईबापूंनी ती उभं राहून, हात जोडून मान्य केली आणि दाराशी उभ्या असलेल्या ताईमार्फत एवढंच विचारलं, की इंग्रजीत एका गोष्टीला दहा शब्द असतात, त्यांतला कोणता घ्यायचा हे तरी माझ्यावर सोडाल का? म्हाताऱ्याने मान हलवली.

पुढचे आठ दिवस मी विसरणार नाही. सगळे पुडे खाली उतरले. अंगणात चटई टाकून त्यावर पानं मांडली जात होती, उचलली जात होती, पुन्हा मांडली जात होती. मोडकळीला आलेल्या पाळीसाठी 'डिलॅपिडेटेड', येऊ घातलेल्या संकटासाठी 'इमिनंट' आणि 'कॅलॅमिटी', अशी एकेक निवड होत होती. संध्याकाळी तलावाच्या पाळीवर तालीम व्हायची. साहेब मी. माझ्या डोक्यावर आईचं सूप उपडं घालून त्याची हॅट केलेली असायची आणि मी काहीही समजत नसल्यामुळे हुबेहूब साहेबासारखा मान डोलवायचो. एकदा त्यांनी मधेच थांबून मला विचारलं, "मास्तर, चुकलो तं?" मी म्हणालो, चुकला तरी कळणार कुणाला? "मले कळंल ना," ते म्हणाले. आणि त्यांनी ते वाक्य पहिल्यापासून पुन्हा म्हटलं. तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की इतक्या वर्षांत या माणसाला या गावात कुणी एक काम सोपवलं नव्हतं, आणि सोपवलं ते सगळं धान पणाला लावून.

साहेब आले. उंच, काळेसावळे, घामाने भिजलेले. सगळं गाव पाळीवर जमलं होतं. ताई घरी साहेबांसाठी भाकरी टाकत होती. म्हातारा पुढे झाला आणि म्हणाला, "पाळ दबली हाय, साहेब." जवाईबापूंनी एकदा डोळे मिटले आणि सुरुवात केली. ते जे बोलले ते मला समजलं नाही, पण मी जन्मभर ऐकत राहिलो असतो. शब्दामागून शब्द, भरलेल्या गाड्या घाट उतरून याव्यात तसे संथ आणि ओळीने येत होते. साहेबांच्या भुवया हळूहळू वर गेल्या. मागे कुणीतरी कुजबुजलं, "बुढ्यानं एवढंच म्हनलं, हा एवढं कुठचं बोलून राह्यला?" म्हाताऱ्याने मागे वळून त्याच्यावर डोळे वटारले. मग तुडुमाचं झालं, धानाचं झालं, खालच्या बांध्यांचं झालं. साहेबांनी खिशातून वही काढून लिहायला सुरुवात केली. एका शब्दाशी ते अडले. जवाईबापूंनी शांतपणे कनवटीला खोचून आणलेल्या पानांतलं त्या शब्दाचं पान काढून त्यांच्यापुढे धरलं आणि साहेबांनी त्यावरून तो शब्द उतरवून घेतला.

मग साहेबांनी वही मिटली, हसले आणि जवाईबापूंना एक छोटासा प्रश्न विचारला. आणि जवाईबापू गप्प झाले. आम्हाला वाटलं, शब्द संपले. ते सावकाश गावाकडे वळले, खाली मान घालून म्हणाले, "साहेब इचारून राह्यले, मी याच गावचा हावो का म्हून."

उत्तर त्यांना देता आलं असतं. पण आपल्या मनचा एक शब्द घालायचा नाही हे त्यांनी कबूल केलं होतं, आणि कबूल केलेलं ते मोडणारे नव्हते. तुडुमातून गळणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता. आम्ही सगळ्यांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याने सवयीने डावीकडे पाहिलं, जिथे नेहमी ताई उभी असते तिथे. तिथे ताई नव्हती. त्याने दोनदा खाकरलं. ओठातली बिडी काढून पायाखाली विझवली. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा जावयाच्या तोंडाकडे पाहून म्हणाला, "सांग ना बाप्पा त्याले. याच गावचा हाय म्हना. माया घरचा हाय."

जवाईबापू साहेबांकडे वळले. त्यांचे डोळे भरून आले होते. आढ्याला टांगलेल्या सगळ्या इंग्रजीतून त्यांनी जो शब्द निवडला, तो मलासुद्धा समजला.

"येस सर."

म्हातारा जरा वेळ थांबला, आणखी काही येतं का म्हणून. मग संशयाने म्हणाला, "एवढंच?"

"एवढंच, मामाजी," जवाईबापू म्हणाले.

तलाव यादीत राहिला. पुढच्या उन्हाळ्यात पाळीवर माती पडली, तुडुम नवं झालं. त्या दिवसानंतर सासरे-जावई मांडीला मांडी लावून गप्पा मारू लागले असं समजू नका. इतक्या वर्षांची जीभ एका दिवसात वळत नाही. पुन्हा ताई मध्ये उभी राहू लागली आणि पुन्हा दोन्हीकडची वाक्यं म्हणून दाखवू लागली. फरक झाला तो बैठकीत. पुढच्या बैठकीला जवाईबापू आपल्या नेहमीच्या जागी वहाणांजवळ बसायला गेले, तर म्हाताऱ्याने न बोलता आपल्या शेजारची घोंगडी हाताने झटकली. जवाईबापू काही वेळ उभेच राहिले, मग येऊन बसले. त्या बैठकीत ते एक शब्दही बोलले नाहीत. त्यानंतरच्या बैठकीत बोलले, आणि आमच्या अस्सल झाडीबोलीत बोलले.

म्हातारा तीन-चार वर्षांनी गेला. मुलगा नव्हता, अग्नी जवाईबापूंनी दिला आणि त्याबद्दल गावात कुणी चकार शब्द काढला नाही. दहाव्याला वैनगंगेवर जाऊन आल्यावर ताईने बापाची चंची उलटी केली. सुपारीची खांडं पडली, चुन्याची डबी पडली, आणि तंबाखूच्या ओलीने मऊ राहिलेलं, काळपट पडलेलं टेंभराचं एक पान पडलं. जवाईबापूंनी ते उचलून दाराशी उजेडात नेलं. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. मला वाचता आलं नाही, पण पहिलं अक्षर 'एम' आहे एवढं कळलं. "मॅग्नॅनिमस," ते हळूच म्हणाले.

म्हणजे त्या श्रावणात, ते शब्द आहेत असं ताईने सांगितलं तेव्हा जी पानं म्हाताऱ्याने चंचीत कोंबली, त्यांतलं हे एक. बाकीची गळून तुटून गेली असतील. हे त्याने ओढलं नाही. परत द्यायचं तर जावयाशी बोलावं लागलं असतं, आणि ते त्याला जमलं नाही. अक्षर न समजणाऱ्या त्या माणसाने दुसऱ्याचा एक शब्द इतकी वर्षं कमरेला बांधून जपला, ही गोष्ट मी आजही भेटेल त्याला सांगत असतो.

"ओढून टाकला असता तं बरं होतं, मास्तर," जवाईबापू पानावरून अंगठा फिरवत म्हणाले. "आता कोनाच्या हातून वापस घेऊ?"

मला वाटलं, ते पान 'एम'च्या पुड्यात जाईल. तिथे त्याची जागा त्यांनी मोकळीच ठेवली होती. पण त्यांनी ते पुन्हा चंचीत घातलं, चंचीची दोरी ओढली आणि ती आपल्या कमरेला बांधली. पुढे माझी बदली गडचिरोलीकडे झाली. अधूनमधून गावी जाणं व्हायचं, तेव्हा ती चंची त्यांच्या कमरेला दिसायची. गावातली नवी पोरं समजायची की या म्हाताऱ्याला तंबाखूचं जबर व्यसन आहे. जवाईबापूंनी तंबाखू जन्मात खाल्ला नाही.